धूळ गिळणाऱ्या यंत्राची कैफियत

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या रामाकोन्याच्या वस्तीतून फेरफटका मारला, की घराघरांतून एक दृश्य दिसते. समईजवळ नवी कोरी केरसुणी उभी केलेली असते. तिला हळदकुंकू लागलेले असते आणि तिच्यापुढे लाह्याबत्तासे मांडलेले असतात. मी ख्रिस्ती घरातला. आमच्याकडे केरसुणीची पूजा होत नाही. परंतु शेजाऱ्यांच्या उंबऱ्यावर बसून मी ती लहानपणापासून पाहत आलो आहे. शिंदीच्या पात्यांची ती वस्तू, किंमत म्हणाल तर अगदी किरकोळ. तरीसुद्धा तिला पाय लागला तर माणूस वाकून नमस्कार करतो, तिला उलटी ठेवीत नाही आणि वाटेल तिथे फेकून देत नाही.

आता त्याच घरांपैकी एखाद्या सधन घरातील माळ्यावर चढून पाहा. तिथे एक खोके असते, आणि खोक्यात हजारो रुपये मोजून आणलेला व्हॅक्युम क्लीनर. त्याची नळी मुडपलेली, वायर तिसऱ्याच वस्तूला गुंडाळलेली आणि पोटातली पिशवी दोन वर्षांपूर्वीच्या धुळीने टम्म फुगलेली. ‘बिघडला,’ असे घरधनी सांगतात. तो बिघडला की बिघडवला, याची चौकशी सहसा कुणी करीत नाही. ती थोडीशी करावी, एवढ्यासाठीच आजचे हे भाषण.

श्रोतेहो, या यंत्राचा जन्म १९०१ सालचा, इंग्लंडमधला. ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा एक स्थापत्य अभियंता होता. पूल बांधावेत, जत्रेतले अजस्र पाळणे उभारावेत, हा त्याचा व्यवसाय. व्हिएन्ना शहरातील सुप्रसिद्ध फिरत्या चक्राच्या रचनेतही त्याचा हात होता. लंडनच्या एका नाट्यगृहात त्याने धूळ झाडण्याचे एक नवे अमेरिकन यंत्र पाहिले. ते यंत्र वारा फुंकून धूळ उडवीत असे. उडालेली धूळ पेटीत जाऊन पडावी अशी अपेक्षा होती; ती पडे दुसऱ्या खुर्चीवर. बूथने विचारले, ‘फुंकण्याऐवजी ओढून का घेत नाही?’ ते अशक्य असल्याचे उत्तर मिळाले. पुढे एका उपाहारगृहात त्याने खुर्चीच्या पाठीवर रुमाल ठेवला, त्याला तोंड लावले आणि जोराने श्वास ओढला. ठसका लागून त्याचा जीव घाबरा झाला. परंतु रुमालाच्या दुसऱ्या बाजूला काळे वर्तुळ उमटले होते. त्याचे काम झाले. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला.

मात्र बूथचे यंत्र विकत घेऊन घरी नेण्याजोगे नव्हते. ती एक घोड्यांची गाडीच होती. गाडीवर पेट्रोलचे इंजिन आणि पंप असे. गाडी रस्त्यात उभी राही, लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात शिरत आणि गणवेशातील कामगार त्या हाताळीत. इंजिनाच्या आवाजाने रस्त्यावरचे घोडे बुजत, त्यावरून तंटेबखेडेही झाले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वी वेस्टमिन्स्टर ॲबीतील गालिचे याच यंत्राने साफ केले. पहिल्या महायुद्धात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये नौदलाचे सैनिक मुक्कामाला होते. त्यांच्यात तापाची साथ पसरली, तेव्हा बूथची पंधरा यंत्रे तिथे नेऊन धूळ काढावी लागली.

या साऱ्या हकिगतीत एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यांच्या गालिच्यावरून ते यंत्र फिरे, त्यांचा त्याच्याशी काही संबंध नसे. यंत्र कंपनीचे, चालविणारे कंपनीचे, रोजच्या रोज ते उघडून पुसणारेही कंपनीचेच. आपल्याकडे नॅरोगेज गाडी होती, तिचीही हीच रीत होती. नागपूर-छिंदवाडा हा अडीच फुटी मार्ग पहिल्या महायुद्धाच्या आधी, १९१३ च्या सुमारास सुरू झाला आणि रामाकोना त्यावरचे एक स्टेशन झाले. २०१५ च्या अखेरीस रुंदीकरणासाठी तो बंद झाला. वाफेच्या इंजिनाच्या जमान्यात रेल्वेत भरती होणारा पोऱ्या एकदम ड्रायव्हर होत नसे. तो आधी क्लीनर होई. म्हणजे इंजिन पुसणे, राख काढणे, तेल घालणे. मग तो फायरमन होई, आणि सगळ्यांत शेवटी ड्रायव्हर. बॉयलरमध्ये पाण्याचा क्षार साचतो म्हणून तो ठराविक मुदतीने रिकामा करून धुतलाच पाहिजे, असा नियम असे. इंजिन कुणाच्याही मालकीचे असो, त्याची नाडी ओळखणारा एक माणूस नेमलेला असे. नागपूरच्या मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयात ती जुनी इंजिने उभी आहेत. वय पाहता त्यांची प्रकृती उत्तम आहे.

व्हॅक्युम क्लीनर घरात आला तो मात्र निराळ्याच माणसामुळे, आणि हा माणूस मला बूथपेक्षाही जवळचा वाटतो. अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन नावाचे गाव आहे. तिथल्या एका मोठ्या दुकानात जेम्स मरे स्पँगलर हा साठीकडे झुकलेला गृहस्थ झाडलोटीच्या कामावर होता. त्याला दम्याचा विकार होता. गालिचे झाडताना उडणारी धूळ त्याच्या छातीत जाई. नोकरी सोडणे परवडत नव्हते आणि धूळ सोसवत नव्हती. त्याने पंख्याची एक विजेची मोटर घेतली, ती साबणाच्या खोक्याला बसवली, खोक्याला झाडूचा दांडा जोडला आणि मागे उशीचा अभ्रा बांधला. २ जून १९०८ रोजी त्याला पेटंट मिळाले. चामड्याच्या वस्तू करणाऱ्या विल्यम हूव्हर या व्यापाऱ्याने ते हक्क विकत घेतले. पुढे सबंध इंग्लंडात त्या यंत्राला ‘हूव्हर’ हेच नाव पडले. स्पँगलर १९१५ साली वारला. त्याचे नाव आज फारसे कुणी घेत नाही. ज्याच्या हातात झाडू होता, त्याने स्वतःच्या छातीसाठी हे यंत्र केले, एवढे मात्र विसरू नये. पुढे मला त्याचे काम पडणार आहे.

स्पँगलरच्या यंत्रानंतर कंपनीचा गणवेशधारी कामगार नाहीसा झाला. यंत्राची मालकी घरमालकाकडे आली; परंतु त्या कामगाराची विद्या काही घरमालकाकडे आली नाही. स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने विक्रेते दारोदार पाठविले. भारतात हा प्रकार १९८२ साली युरेका फोर्ब्स कंपनीने आणला. टाय बांधलेला तरुण घरात येई आणि गादीवरून यंत्र फिरवून तिच्यातली पांढरी धूळ काळ्या फडक्यावर काढून दाखवी. गृहिणी लाजेने चूर होई, आणि यंत्र घरात राही. तरुण पुढच्या दाराशी जाई. पिशवी कधी रिकामी करायची, हे तो सांगत नसे असे मी म्हणणार नाही. पण आपली लाज उघड्यावर पडलेली असताना माणूस सूचना कितपत ऐकणार?

आता यंत्राच्या पोटात काय चालते ते पाहू. बाहेरची हवा ज्या दाबाने आपल्या भोवती असते, त्यापेक्षा कमी दाब आतला पंखा निर्माण करतो. त्यामुळे बाहेरची हवा तोंडातून आत धावते आणि धुळीला बरोबर नेते. पिशवी ही त्या वाटेवरची चाळण. हवा कापडाच्या छिद्रांतून निघून जावी आणि धूळ मागे राहावी, एवढेच तिचे काम. बहुतेक घरगुती यंत्रांत गाळून निघालेली हीच हवा पुढे मोटरवरून जाते आणि तिला थंड ठेवते. मिनिटाला वीस-तीस हजार फेरे घेणारी ही मोटर असते. पिशवी तुंबली की हवा थांबते, आणि हवा थांबली की मोटर तापते. यातला खरा घोटाळा पुढेच आहे. हवा अडली, की पंख्याला ढकलायला काही उरत नाही. त्यामुळे तो हलका होऊन अधिकच वेगाने फिरतो आणि त्याचा आवाज चढतो. मालकाला वाटते, यंत्र आज मोठ्या जोरात चालले आहे! वास्तविक तो गुदमरलेल्या जिवाचा आक्रोश असतो.

बाकीचे अत्याचार सर्वांच्या परिचयाचे आहेत. ब्रशाला केस आणि दोरे गुंडाळले जातात, ते कुणी कापून काढीत नाही. कोरड्यासाठी केलेल्या यंत्राने सांडलेले पाणी ओढतात, आणि मग मोटरीबरोबर माणसाच्याही जिवाला धोका होतो. धगधगती राख ओढतात. वायरला धरून यंत्र कुत्र्यासारखे फरफटत नेतात. इंग्लंडच्या जेम्स डायसनला पिशवीच्या या तुंबण्याचा इतका संताप आला, की त्याने ५,१२७ नमुने करून पिशवीविना चालणारे यंत्र सिद्ध केले आणि १९९३ साली ते आपल्या नावाने बाजारात आणले. पिशवी गेली खरी. पण गाळणी राहिलीच. ती धुवावी लागते, आणि अर्थातच कुणी धूत नाही. पुढे आपोआप फिरणारी तबकडीसारखी यंत्रे आली, तर त्यांच्या चाकांत केस अडकू लागले.

आपला समाज यंत्रांविषयी बेफिकीर आहे, असे मात्र सरसकट म्हणता येत नाही. पोळ्याच्या दिवशी आमच्या सौंसर-पांढुर्ण्याकडे बैलांची काय बडदास्त असते! खांदेमळणी होते, तूपहळदीने खांदे शेकतात. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवणारा माणूस गावात तोंड दाखवू शकणार नाही. दसऱ्याला मोटरपंपालाही झेंडूची माळ पडते. परंतु माळ घालणारा हात विहिरीत उतरून फूटव्हॉल्व्हच्या जाळीतला पाला काढीत नाही. मग ऐन संत्र्याच्या पाण्याच्या वेळी पंप कोरडा फिरतो, मोटर जळते आणि रिवाइंडिंगच्या दुकानापुढे रांग लागते. बैल खाणे सोडतो, मान टाकतो, तेव्हा त्याचे दुखणे कळते. यंत्राची भाषा आपल्याला कुणी शिकवली नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन नासते म्हणून शेतकरी तो घेईनात. पुढे १९२० साली त्यांच्या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकांपर्यंत जावी, हा त्याचा मूळ हेतू. त्याच रोपट्याचे पुढे नामवंत मासिक झाले. वस्तू विकली म्हणजे काम संपले नाही, घेणाऱ्याला त्याच्याच भाषेत चार शब्द सांगितले पाहिजेत, ही जाणीव मराठी कारखानदाराला शंभर वर्षांपूर्वी होती.

हे सगळे मी शहाणपणाने सांगतो आहे. ते आले कुठून, तेही सांगितले पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी ज्या शाळेत होतो, तिला एका माजी विद्यार्थ्याने ग्रंथालयासाठी व्हॅक्युम क्लीनर भेट दिला. ग्रंथालय माझ्याकडे होते. समारंभ झाला, नारळ फुटला, टाळ्या पडल्या. यंत्राबरोबरची इंग्रजी पुस्तिका मी ‘हरवू नये’ म्हणून माझ्या कपाटात कुलूपबंद केली, आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना बटण कोणते ते दाखविले. ग्रंथालयाची कपाटे झाली, मग वर्ग झाले, मग फळ्याखालचा खडू. खडूची भुकटी ही या पिशवीची वैरीणच. ती छिद्रांत जाऊन बसते. महिन्याभराने मावशी मला म्हणाल्या, “गुरुजी, मशीन नुसती ओरडून राहिली, कचरा काही उचलत नाही.” मी तेव्हा पेपर तपासत होतो. “जरा दाबून धरा,” असे मी सांगितले.

चौथ्या महिन्यात धूर निघाला. चौकशी झाली. ग्रंथालयप्रमुख म्हणून माझ्याकडे टिपण मागण्यात आले आणि मी लिहिले : ‘वापरणाऱ्याच्या हलगर्जीपणामुळे.’ दोन शब्दांत काम आटोपले. मावशींच्या पगारातून दुरुस्तीचा खर्च हप्त्याहप्त्याने कापण्याचे ठरले. त्यांनी अंगठा नव्हे, सही केली. चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत त्या. काही बोलल्या नाहीत.

यंत्र मी स्वतः नागपूरला नेले. कारागिराने झाकण काढले आणि पिशवी बाहेर घेतली. ती धोंड्यासारखी घट्ट झाली होती. “हे कधी उघडलंच नाही का, सर?” त्याने विचारले. तिथे पिशवी असते हेच मावशींना ठाऊक नव्हते. ठाऊक मलाही नव्हते. पण ठाऊक करून घेण्याचे साधन माझ्या कपाटात होते. दम्याने खोकत स्वतःचे यंत्र जोडणारा तो कँटनचा झाडूवाला मला त्या दुकानातच आठवला असे म्हटले, तर ते खोटे ठरेल. तो पुष्कळ दिवसांनी आठवला. त्या क्षणी मला आठवले ते माझे टिपण.

दुसरे टिपण लिहायला मला आठवडा लागला; ते लिहिणे पहिल्याइतके सोपे नव्हते. एक हप्ता तोवर कापला गेला होता, तो परत मिळवून देण्यात आणखी दोन महिने गेले. दरम्यान पुस्तिकेतील सूचना मी मराठीत उतरविल्या आणि जाड पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून मावशींना वाचून दाखविल्या. गाळणी धुऊन चांगली वाळवावी, असे मी लिहिले होते. “उन्हात की सावलीत?” त्यांनी विचारले. पुस्तिका पुन्हा उघडली. सावलीत असे निघाले. तो शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने पुठ्ठ्यावर घातला. मग त्या म्हणाल्या, “गुरुजी, हा कागद पहिल्या दिवशीच दिला असता तं?”

तो पुठ्ठा यंत्राशेजारी खिळ्याला टांगला आहे. त्याच्या बाजूच्या खिळ्याला खराटा आहे. पावसाळ्यात पडवी ओली असते, तेव्हा तोच लागतो.