फालेआलुपो

फालेआलुपो हे सामोआ देशाच्या सावाई बेटावरील एक गाव आहे. बेटाच्या अगदी पश्चिम टोकाला, प्रशांत महासागराच्या किनारी ते वसलेले आहे. प्रशासकीयदृष्ट्या ते वाइसिगानो जिल्ह्यात मोडते. सामोअन पुराणकथांतील पाताळलोकाचे द्वार आणि नाफानुआ या युद्धदेवतेचे स्थान म्हणून हे गाव सामोआत प्रसिद्ध आहे. गावकऱ्यांनी इ.स. १९८९ मध्ये करार करून राखलेले पर्जन्यवन आणि तेथील पारंपरिक औषधोपचारातून हाती आलेले प्रोस्ट्राटिन हे रसायन यांमुळे जगभरातील वनस्पतिशास्त्रज्ञांनाही त्याचा परिचय झाला.

भूगोल

सावाई हे सामोआचे क्षेत्रफळाने सर्वांत मोठे बेट असून ते ज्वालामुखीच्या उद्रेकांतून तयार झाले आहे. मात्र राजधानी आपिया शेजारच्या उपोलू बेटावर आहे. उपोलूवरील मुलिफानुआ बंदरातून बोटीने सावाईच्या पूर्व टोकावरील सालेलोलोगा येथे पोहोचता येते. फालेआलुपो तेथून बेटाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

गावाचे दोन भाग आहेत. समुद्रकाठच्या वस्तीला फालेआलुपो-ताई आणि बेटाला वळसा घालणाऱ्या मुख्य रस्त्याजवळील वस्तीला फालेआलुपो-उता असे म्हणतात. सामोअन भाषेत ‘ताई’ म्हणजे समुद्राकडचे आणि ‘उता’ म्हणजे आतल्या जमिनीकडचे. दोन्ही वस्त्यांच्या दरम्यान लाव्हारसापासून बनलेल्या खडकाळ जमिनीवर वन पसरलेले आहे. हवामान उष्ण व दमट असून नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाचा व चक्रीवादळांचा काळ असतो.

इ.स. २०११ च्या अखेरपर्यंत सामोआ आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पूर्वेला गणला जात असे. ही रेषा फालेआलुपोपासून फार दूर नसल्याने दिवसाचा जगातील शेवटचा सूर्यास्त पाहण्याचे ठिकाण म्हणून गावाची ख्याती होती. व्यापाराच्या सोयीसाठी सामोआने ३० डिसेंबर २०११ हा दिवस दिनदर्शिकेतून वगळला व तो वाररेषेच्या पश्चिमेला गेला. त्यामुळे ही ख्याती संपुष्टात आली.

आख्यायिका

सामोअन समजुतीनुसार मृतांचे आत्मे पश्चिमेकडे प्रवास करतात आणि फालेआलुपोच्या किनाऱ्यावरून पुलोतू या पाताळलोकात उतरतात. तेथे जाण्यासाठी मताईंचे म्हणजे कुलप्रमुखांचे एक आणि सामान्यजनांचे दुसरे अशी दोन द्वारे असल्याचे सांगितले जाते.

नाफानुआ ही पुलोतूचा अधिपती सावेआसिउलेओ याची कन्या. बेटाच्या पूर्व भागातील लोकांनी पश्चिम भागातील लोकांना दास्यात ठेवले असता ती पुलोतूहून फालेआलुपोला आली आणि लाकडी गदा घेऊन लढली. युद्धाच्या शेवटी वाऱ्याने वस्त्र उडाल्यावर आपला पराभव एका स्त्रीने केला हे शत्रूंना कळले, अशी कथा आहे. मोसो हा महाकाय पुरुष फिजीहून एका ढांगेत सामोआत आला व त्याचे पाऊल येथील खडकावर उमटले, अशीही आख्यायिका आहे. हा खडक आजही दाखवला जातो.

समाजजीवन

सामोआतील इतर गावांप्रमाणे फालेआलुपोचा कारभार मताईंच्या ‘फोनो’ या गावसभेमार्फत चालतो. प्रत्येक विस्तारित कुटुंब आपला मताई निवडते. सामोआतील सुमारे चार पंचमांश जमीन परंपरागत हक्काची असून राज्यघटनेनुसार ती विकता येत नाही. वनाविषयीचा निर्णय त्यामुळे एका मालकाचा नसून गावसभेचा असतो. तारो (अळूवर्गीय कंद), नारळ, नीरफणस व केळी ही मुख्य पिके असून मासेमारीवरही उपजीविका चालते. इ.स. १८४५ मध्ये मारिस्ट संघाचे कॅथलिक धर्मप्रसारक सामोआत आले. त्यानंतर कॅथलिक पंथाने गावात मूळ धरले.

पर्जन्यवनाचा करार

इ.स. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गावाला नवी शाळा बांधावी लागेल, अन्यथा शिक्षक मिळणार नाहीत, असे सरकारने कळवले. रोख उत्पन्नाची साधने नसलेल्या गावाकडे विकण्याजोगी एकच गोष्ट होती, ती म्हणजे वनातील लाकूड. मताईंनी नाइलाजाने एका लाकूड कंपनीला वृक्षतोडीची परवानगी दिली.

त्या काळात पॉल ॲलन कॉक्स हे अमेरिकी लोकवनस्पतिशास्त्रज्ञ गावात राहून वैदूंच्या औषधांचा अभ्यास करीत होते. शाळेसाठी लागणारा निधी आपण उभा करू, असे आश्वासन त्यांनी मताईंना दिले. फुइओनो सेनिओ या मताईंनी वृक्षतोड थांबवण्यात पुढाकार घेतला. कॉक्स यांनी देणगीदारांच्या साहाय्याने निधी जमवला. इ.स. १९८९ मध्ये झालेल्या करारानुसार सुमारे १२,००० हेक्टर (३०,००० एकर) वन ५० वर्षे राखण्याचे गावाने मान्य केले. औषधी वनस्पती गोळा करण्याचा व पारंपरिक गरजांपुरते लाकूड घेण्याचा हक्क गावकऱ्यांकडेच राहिला. जमिनीची मालकीही गावाकडून गेली नाही.

या कार्यासाठी सेनिओ व कॉक्स यांना इ.स. १९९७ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. गावाने कॉक्स यांना ‘नाफानुआ’ हा किताब दिला होता. बाहेरून पैसा देणाऱ्या संस्थांनी वनाच्या व्यवस्थापनात किती लक्ष घालावे, हा वादाचा मुद्दा सामोआत पुढे उपस्थित झाला. कॉक्स व थॉमस एल्मक्विस्ट यांनी इ.स. १९९७ मध्ये ‘ॲम्बिओ’ या नियतकालिकातील लेखात अशा हस्तक्षेपाला ‘पर्यावरणीय वसाहतवाद’ म्हटले आणि निर्णयाचा अधिकार स्थानिकांकडेच असावा, असे प्रतिपादन केले.

मामाला वृक्ष आणि प्रोस्ट्राटिन

मामाला (शास्त्रीय नाव होमालान्थस न्यूटान्स) हा येथील वनात आढळणारा लहान वृक्ष आहे. त्याच्या खोडाचा पाण्यातील अर्क वैदू स्त्रिया काविळीवर देत असत. कॉक्स यांनी त्यांच्याकडून घेतलेल्या नमुन्यांची अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत तपासणी झाली आणि एच.आय.व्ही.च्या संसर्गापासून पेशींचे रक्षण करणारा घटक प्रोस्ट्राटिन असल्याचे इ.स. १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे रसायन पेशींत सुप्तावस्थेत दडलेल्या विषाणूलाही जागे करते. नेहमीची औषधे सुप्त विषाणूवर परिणाम करू शकत नाहीत, म्हणून या गुणधर्माला महत्त्व आहे.

इ.स. २००१ मध्ये एड्स संशोधन करणाऱ्या एका अमेरिकी संस्थेने सामोआ सरकारशी करार केला. औषध यशस्वी झाल्यास नफ्यातील २० टक्के वाटा सामोआला, म्हणजे सरकार, फालेआलुपो गाव आणि ज्ञान देणाऱ्या वैदूंची कुटुंबे यांना, मिळावा अशी त्यात तरतूद होती. इ.स. २००४ मध्ये बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने मामालाच्या जनुकांवरील सामोआचे सार्वभौमत्व मान्य करून उत्पन्नाचा निम्मा वाटा देण्याचा करार केला. प्रोस्ट्राटिनपासून बनलेले औषध अद्याप बाजारात आलेले नाही. तरीही पारंपरिक ज्ञानाच्या मोबदल्याविषयीच्या चर्चेत हे करार उदाहरण म्हणून दिले जातात.

चक्रीवादळे

करारानंतर लगेचच गावावर दोन आपत्ती आल्या. फेब्रुवारी १९९० मध्ये ‘ओफा’ आणि डिसेंबर १९९१ मध्ये ‘व्हॅल’ या चक्रीवादळांनी सावाईच्या पश्चिम किनाऱ्याची मोठी हानी केली. फालेआलुपो-ताई उद्ध्वस्त झाले, तेथील कॅथलिक चर्चचे केवळ अवशेष उरले आणि बहुतेक कुटुंबे आत फालेआलुपो-उता येथे स्थलांतरित झाली. वनातील असंख्य वृक्षही उन्मळून पडले. फळे व फुले नाहीशी झाल्याने परागण व बीजप्रसार करणारी मोठी फळखाऊ वटवाघळे अन्नावाचून वस्त्यांकडे आली व मोठ्या संख्येने मारली गेली.

पर्यटन

उभ्या वनातून गावाला उत्पन्न मिळावे या हेतूने वृक्षांच्या शेंड्यांमधून जाणारा झुलता मार्ग उभारण्यात आला. तो एका मोठ्या वटवर्गीय वृक्षावरील मचाणापर्यंत जातो. मोसोचे पाऊल, लाव्हारसाच्या प्रवाहाने तयार झालेली ‘पाषाणगृह’ ही गुहा, जुन्या चर्चचे अवशेष आणि मुलिनुउ भूशिर ही येथील अन्य प्रेक्षणीय स्थळे आहेत.