उसने अकरा

१ ऑगस्ट २०२५ रोजी खालिद जमील भारतीय पुरुष फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले. गोव्याच्या सावियो मदेरा यांनी २०१२मध्ये हे पद सोडल्यापासून ते परदेशी प्रशिक्षकांकडेच होते. त्यामुळे ‘अखेर आपला माणूस’ असे म्हणत त्यांचे स्वागत झाले. पण हा माणूस घडला कुठे, हे फारसे कोणी विचारले नाही.

जमील यांचा जन्म १९७७चा, कुवेतचा. फुटबॉलपटू म्हणून ते मुंबईचे. महिंद्र युनायटेड, एअर इंडिया आणि शेवटी मुंबई एफसी या संघांच्या मधल्या फळीत ते खेळले, भारताकडूनही खेळले. मुंबईचे फुटबॉल तेव्हा कंपन्यांच्या आधारावर उभे होते. नोकरी आणि खेळ एकाच दारातून मिळत. महिंद्रने २००५-०६मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१०मध्ये संघच बंद केला. आधार देणाऱ्याने हात काढला की काय होते, हे या शहराने जवळून पाहिले.

२००९मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, जमील मुंबई एफसीचे प्रशिक्षक झाले. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू जवळजवळ नाहीत. सात मोसम त्यांनी हा संघ वरच्या श्रेणीत टिकवून ठेवला. त्यांचा बचावात्मक खेळ पाहायला रुक्ष, अशी टीका व्हायची. पण ज्याच्याकडे गमावण्यासारखा एकही गुण नसतो, त्याला देखणेपणा परवडत नाही.

२०१६मध्ये मुंबई सोडून ते मिझोरामच्या ऐझॉल एफसीकडे गेले. हा संघ आधीच्याच मोसमात खालच्या श्रेणीत ढकलला गेला होता. गोव्याचे जुने क्लब आय-लीगमधून बाहेर पडल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली. जमील यांनी मुंबईतले जयेश राणे, आशुतोष मेहता यांच्यासारखे ओळखीचे खेळाडू सोबत घेतले. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँग लाजाँगशी १-१ बरोबरी साधून ऐझॉल विजेता ठरला, मोहन बागानपेक्षा केवळ एका गुणाने पुढे. त्याच मोसमात मुंबई एफसी तळाला गेला आणि पुढे बंद पडला.

मोठ्या क्लबांत मात्र हे गणित सहज जुळले नाही. २०१७-१८मध्ये ते ईस्ट बंगालकडे होते. विजेता ठरला इथे, मुल्लानपूरपासून फार दूर नसलेल्या पंचकुल्यात खेळणारा मिनर्व्हा पंजाब. पुढे नॉर्थईस्ट युनायटेडला त्यांनी इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत नेले आणि त्या स्पर्धेतले पहिले कायमस्वरूपी भारतीय मुख्य प्रशिक्षक ठरले. जमशेदपूरलाही त्यांनी २०२४-२५मध्ये उपांत्य फेरी गाठून दिली.

या साऱ्या यशामागे एकच गोष्ट दिसते : रोजची सकाळ. तीच मुले, तोच सराव, महिनोन्‌महिने. राष्ट्रीय प्रशिक्षकाला नेमकी तीच मिळत नाही. खेळाडू क्लबचे असतात. त्याला ते काही दिवसांपुरते उसने मिळतात. सुरुवात तरी चांगली झाली. मध्य आशियाई स्पर्धेत भारताने ताजिकिस्तानला त्यांच्याच भूमीवर २-१ हरवले आणि ओमानला पेनल्टींवर नमवून तिसरे स्थान मिळवले. पण १४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरने भारताला २-१ हरवले आणि २०२७च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशनेही हरवले.

लगेच ‘आपल्या माणसा’च्या कुवतीवर चर्चा सुरू झाली. पराभवाचा जाब प्रशिक्षकाला विचारलाच पाहिजे. पण जमील यांना घडवणारे मुंबईतले संघ आज कुठे आहेत, हेही त्याच दमात विचारायला हवे. महिंद्र नाही, मुंबई एफसी नाही. पुढचा खालिद जमील सात मोसम टिकून राहायला कुठे शिकेल?