पुढचा भाग आधीच्यापेक्षा चांगला असतो का?



मागच्या वर्षी दौंडला आम्ही ‘प्रगती म्हणजे काय’ या विषयावर बोललो होतो. व्याख्यान संपलं, आभार मानून झाले, चहा आला. तेवढ्यात अकरावी-बारावीतला एक मुलगा पुढं आला आणि म्हणाला, “सर, हेगेल वगैरे ठीक आहे. पण गेमचा पुढचा भाग आधीच्यापेक्षा चांगला असतोच का, एवढं सांगा.” आजूबाजूचे हसले. आम्हाला काही हसता आलं नाही, कारण उत्तर माहीत नव्हतं. प्रश्न तर आमच्याच विषयातला होता. काळ पुढं जातो म्हणजे वस्तू सुधारते का, हेच तो विचारत होता. चाळीस वर्षं वर्गात आम्ही दुसरं काय शिकवलं?

मग आम्ही वर्षभर गृहपाठ केला. इथं शिरूरमध्ये, जुनी माणसं ज्याला अजून घोडनदी म्हणतात त्या आपल्या गावात, एक गृहस्थ एसटी स्टँडजवळ सायबर कॅफे चालवायचे. आता ते मोबाईल दुरुस्त करतात. त्यांच्या दुकानात जाऊन बसलो, नातवाला शेजारी घेऊन खेळून पाहिलं. बोटं वळत नाहीत, पण समजलं बरंच. तेच आज तुमच्यापुढं ठेवतो.

सुरुवात कॅसेटपासून करू. नव्वदच्या दशकात आपल्याकडं टीव्हीला जोडायचे जे खेळ आले, ते बहुतेक जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या यंत्राच्या नकला होत्या. त्यात वरून पिवळी नाहीतर काळी कॅसेट खोचायची. कॅसेटवर छापलेलं असायचं ‘९९,९९,९९९ इन वन’. प्रत्यक्षात पाच-सहाच खेळ. यादीत खाली जावं, तर तोच मारिओ वेगळ्या नावानं पुन्हा पुन्हा भेटायचा. कधी तो तिसऱ्याच लेव्हलपासून सुरू व्हायचा, कधी त्याला उंच उड्या यायच्या. म्हणजे आपल्या पोरांची मालिकांशी पहिली ओळख झाली ती फसवणुकीतून. आकडा वाढला म्हणून खेळ वाढत नाही, हे त्यांना आठव्या-नवव्या वर्षीच कळलं होतं. आम्हाला ते कळायला बरीच पुस्तकं वाचावी लागली.

आणि ही गंमत फक्त नकली मालातच होती असं नाही. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली आला. १९८६ साली जपानमध्ये त्याचा दुसरा भाग आला. तो इतका अवघड होता की अमेरिकेत पाठवू नये असं कंपनीला वाटलं. मग १९८७ च्या ‘डोकी डोकी पॅनिक’ या भलत्याच खेळातली पात्रं बदलून त्यांच्या जागी मारिओ मंडळी बसवली आणि १९८८ साली तोच अमेरिकेत ‘मारिओ २’ म्हणून विकला. एकाच खेळाचे दोन दुसरे भाग, आणि त्यातला एक मुळात त्या घरचाच नव्हे! आता यातला कुठला ‘पुढचा’ म्हणायचा?

‘मिलिंदप्रश्न’ या बौद्ध ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचा संवाद आहे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच की वेगळी, अशी तिथं चर्चा येते. तीच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही. एकीच्या आधारानं दुसरी जळते. मालिकेचं असंच आहे. फुटबॉलचा ‘फिफा’ हा खेळ १९९३ पासून त्याच नावानं येत होता. कंपनीचा आणि फिफा संघटनेचा करार संपला, आणि २०२३ पासून तो ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ झाला. नाव गेलं, खेळ राहिला. मारिओच्या बाबतीत नाव राहिलं आणि खेळ बदलला. म्हणून आधी विचारायला हवं की सुधारणा म्हणतो ती नेमकी कशाची?

याचं उत्तर आपल्या जत्रेत मिळतं. तमाशाच्या फडाचा खेळ बघा. गण तोच, गवळण तीच, पण वग नवा. मागच्या वर्षीचाच वग लावला तर लोक नाराज होतात, आणि गणच गाळला तरी नाराज होतात. काय ठेवायचं आणि काय बदलायचं, हे फडमालकाला कळावं लागतं. खेळ बनवणाऱ्यालाही तेच कळावं लागतं.

आता पुढचा भाग सरस ठरल्याचं उदाहरण घेऊ. ‘स्ट्रीट फायटर’ १९८७ साली आला. तो आज कुणाला आठवत नाही. १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर २’ आला आणि जगभरच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये तोच तो झाला. आम्ही नातवापुढं दोन्ही ठेवले, काही न सांगता. पहिला त्यानं दहा मिनिटांत सोडला, दुसऱ्यावरून जेवायला उठेना. तुम्ही म्हणाल, लहानपणी खेळलेलं गोड लागतं. पण त्याचं लहानपण तर आत्ता चाललंय! दोन्ही त्याला सारखेच जुने. म्हणजे फरक खेळातच आहे. दोन माणसं समोरासमोर, प्रत्येकाची लढायची रीत वेगळी आणि कौशल्यानं हरजीत व्हावी, ही कल्पना पहिल्या भागात होती, पण अर्धीकच्ची. हात उचलावा तर उचलला जात नव्हता. दुसऱ्या भागानं ती कल्पना पुरी केली. ‘जीटीए’चंही तसंच. १९९७ चा पहिला भाग वरून खाली बघत खेळायचा, रस्त्यांचा नकाशा पाहिल्यासारखा. २००१ च्या तिसऱ्या भागात माणूस त्या शहरात उतरला, चालू लागला. शहरभर मोकाट फिरावं ही मूळ इच्छा तिथं पूर्ण झाली.

म्हणून आमचं पहिलं अनुमान असं: मूळ कल्पनेचं देणं फिटेपर्यंत मालिका सुधारत जाते. पहिला भाग बहुधा कर्ज काढतो, दुसरा-तिसरा ते फेडतो.

फिटल्यावर काय होतं? ते बघायला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ घ्या. जॉर्डन मेकनर या तरुणानं १९८९ साली तो केला. आपल्या धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रीकरण केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. म्हणून तो राजपुत्र धापा टाकत पळणाऱ्या खऱ्या माणसासारखा वाटतो. साठ मिनिटांत राजकन्येला सोडवायचं. २००३ साली ‘सँड्स ऑफ टाइम’ आला. चूक झाली तर वेळ मागं फिरवण्याची सोय त्यात होती. कल्पना पूर्णत्वाला गेली. पण पुढचा भाग तर हवाच! २००४ साली ‘वॉरिअर विदिन’ आला. लढाईची तंत्रं वाढली, पण राजपुत्र रागीट झाला, सगळीकडं रक्त आणि काळोख. स्वतः मेकनर यांनी त्या वळणाबद्दल उघड नापसंती दाखवली.

दौंडकरांना हे वळण समजावून सांगायला नको. नगरकडून पुण्याला जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला जोडायचे. गाडी तीच, डबे तेच, पण खिडकीशी पुढं तोंड करून बसलेला माणूस आता पाठमोरा चालला. आता कॉर्ड लाईनमुळं काही गाड्यांचा तो फेरा चुकतो. गाडी पुढंच चालली आहे का? पुण्याला जाणाऱ्याच्या दृष्टीनं, हो. मालिकेनं दिशा बदलली की कुणाला पुढं गेल्यासारखं वाटतं, कुणाला मागं. दोघंही खोटं बोलत नसतात. मुक्काम कुठला धरलाय, त्यावर ते ठरतं. चाकूचा चांगलेपणा कापण्यात, असं ॲरिस्टॉटलच्या वळणानं म्हणता येईल. पुढच्या खेपेला चाकूऐवजी कात्री आणली, तर ती ‘जास्त चांगली’ म्हणायची कशाच्या मापानं?

या गोष्टीचा एक धागा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्यानं घडवण्याचं काम युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये घोषणा झाली, जानेवारी २०२१ ही तारीख दिली. पहिली झलक पाहून लोकांनी चित्रांवर टीका केली, तारीख दोनदा हलली, आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलच्या स्टुडिओकडं, म्हणजे मूळ घरी, परत गेलं. पुण्याच्या पोरांना जमलं नाही, असं म्हणून हसणारे पुष्कळ भेटले. आम्ही त्यात नाही. लोकांच्या मनातला २००३ सालचा खेळ हा खऱ्या खेळापेक्षा सुंदर असतो. त्याच्याशी स्पर्धा करायची म्हणजे आठवणीशी कुस्ती. तिला पाठ टेकवायला लावणारा पैलवान आम्ही अजून पाहिला नाही.

आता तिसरी तऱ्हा, आणि आम्हाला सर्वांत भावलेली. मालिका थांबली तर?

ईए कंपनीची क्रिकेटची मालिका १९९६ पासून होती. ‘क्रिकेट ०७’ हा खेळ नोव्हेंबर २००६ मध्ये आला. भारतीय खेळाडूंची नावं परवान्याअभावी मोडतोड करून टाकलेली. त्यानंतर पुढचा भाग आलाच नाही. मालिका संपली. पण आपले सायबर कॅफेवाले गृहस्थ सांगतात की त्यांच्याकडं सर्वांत जास्त चाललेला खेळ हाच, आणि तोही कंपनीनं सोडून दिल्यावर. का? कारण खेळणाऱ्यांनीच तो पुढं चालवला. भारतातल्या, पाकिस्तानातल्या पोरांनी ‘पॅच’ बनवले. आधी नावं दुरुस्त केली, मग चेहरे, जर्सी, मैदानं. आयपीएल २००८ साली सुरू झाली, म्हणजे खेळ आल्यावर दीडेक वर्षानं. तरी आयपीएलचे संघ त्यात आले. समालोचनात रिची बेनॉ यांचा आवाज आहे. ते एप्रिल २०१५ मध्ये गेले. त्यांच्यामागं जी पोरं क्रिकेटमध्ये आली, त्यांच्या फटक्यांनाही त्या खेळात बेनॉच दाद देतात.

याला पुढचा भाग म्हणायचं का? आम्हाला इथं पैठणचे एकनाथ आठवतात. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ. स. १२९० ची. तीनशे वर्षांत हातानं उतरवून घेताना पाठ बिघडले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि यात कुणी आपल्या ओव्या घुसवू नयेत असा इशारा दिला. त्यांनी ‘ज्ञानेश्वरी भाग दोन’ लिहिली नाही. स्वतःचं म्हणणं सांगायला त्यांनी वेगळं भागवत रचलं. म्हणजे एखादी चांगली गोष्ट पुढं नेण्याच्या दोन वाटा आहेत. नवं रचावं, किंवा जुनं नीट करून टिकवावं. क्रिकेटच्या खेळाची आणि ज्ञानेश्वरीची बरोबरी आम्ही करत नाही, गैरसमज नको. वाट मात्र तीच.

आता त्या दौंडच्या मुलाकडं परत येऊ, कारण त्याचा खरा प्रश्न आम्हाला उशिरा कळला. चहा पिता पिता तो म्हणाला होता, त्याच्या मोबाईलवर बीजीएमआय चालेनासा झालाय. अपडेट आला, फोन जुना, जागा पुरत नाही. आणि जुनाच खेळू म्हटलं, तर जुना आता उघडत नाही. आधी त्याचा पबजी होता. २ सप्टेंबर २०२० ला सरकारनं बंदी घातली, २ जुलै २०२१ ला बीजीएमआय आला, २०२२ मध्ये तोही थांबला, २०२३ मध्ये परत आला. या खेळाला भाग दोन, भाग तीन असे आकडे नाहीत. तो जागच्या जागी बदलतो, आणि बदलताना मागचं पुसून टाकतो.

इथं आमचा मूळ प्रश्नच उलटा झाला. मारिओचा तिसरा भाग आला, तेव्हा पहिली कॅसेट घरात होतीच. ‘वॉरिअर विदिन’ नाही आवडला, तर ‘सँड्स ऑफ टाइम’ची सीडी कपाटात होती. पुढचा भाग चांगला की वाईट, हे ठरवायचा हक्क आपल्याकडं होता, कारण दोन्ही समोर होते. ज्याला नवा फोन घेणं परवडत नाही, त्याच्या हातून आज तो हक्क गेला आहे. अमेरिकेतल्या एका अभ्यासात २०२३ साली दिसून आलं, की तिथं २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतही मिळत नाहीत. तुलनेला जुनंच उरलं नाही, तर ‘सुधारणा’ हा शब्द कंपनीच्या जाहिरातीपुरता उरतो.

तेव्हा बाळ, तू आज इथं आला असशील तर ऐक. पुढचा भाग चांगला असतोच असं नाही. मूळ कल्पना अपुरी असेल तर बहुधा असतो. ती पुरी झाल्यावर मालिका एकतर फुगते, नाहीतर वळते. आणि ती वळली हे चांगलं झालं की वाईट, ते तुझं तू ठरवायचं. त्यासाठी आधीचा भाग जपून ठेव.

जाता जाता एक विनंती. त्या गृहस्थांच्या माळ्यावर दोन पोती सीडी आहेत. बहुतेक नकली, हे लपवत नाही. पण त्यात ‘जीटीए पंजाब’ आहे, ‘जीटीए मुंबई’ आहे, क्रिकेटचे वर्षावर्षांचे पॅच आहेत. दिवाळीच्या साफसफाईत ते सगळं भंगारात जाणार होतं. आम्ही थांबवलंय. कुणाकडं सीडी चालणारा जुना संगणक असेल, आणि एखाद्या वाचनालयात एक कपाट मिळत असेल, तर व्याख्यान संपल्यावर भेटा. पोती उचलायला दोन तरुण हातही लागतील. आमचं वय त्याला पुरं पडायचं नाही.