गोचिडाचं घर भिंतीत

अंघोळ नाही म्हणजे निगा नाही, असा निष्कर्ष आपण फार घाईने काढतो. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावकुत्र्याला पूर्वी सहसा कुणी न्हाऊ घालत नसे, हे खरं. विहिरीवरून डोक्यावर पाण्याचे गुंड वाहणाऱ्या बाईकडून तशी अपेक्षा करणंच निर्लज्जपणाचं. पण फेसाची वाण नव्हती. रिठे होते, शिकेकाई होती. मोहाच्या बियांचं तेल काढल्यावर उरलेली ढेप पाण्यात चोळली तरी फेस येतो. मग कुत्रा कोरडा का राहिला? माझ्या मते त्याची निगा कातडीवर कमी आणि घराच्या भिंतीवर, जमिनीवर जास्त होत होती.

याचा पुरावा गोचिडाच्या जगण्यातच आहे. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड आयुष्याचा बराचसा काळ कुत्र्याच्या अंगाबाहेर काढतो. रक्त पिऊन वाटाण्याएवढी टम्म फुगलेली मादी खाली गळते, सरपटत भिंतीच्या फटीत शिरते आणि तिथे हजारांनी अंडी घालते. कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीला शेणमातीचं सारवण दिलं की नेमक्या त्या फटी बुजतात. उरलेलं काम नखांचं. कुत्र्याला पायांत आडवं घेऊन कानाची पाळ उलटायची, बोटांच्या बेचक्या चाचपायच्या, गोचीड कातडीलगत धरून उपटायचा आणि निखाऱ्यावर टाकायचा. साबणाच्या अंघोळीत धूळ जाते. चावा घेऊन घट्ट बसलेला गोचीड सहसा जागचा हलत नाही.

यावर कुणी म्हणेल, सारवण माणसांसाठी आणि सणावारासाठी, कुत्र्याचा त्यात काय संबंध? हेतू माणसाचा होता, हे मान्यच. पण प्रथेचा इतिहास लिहिताना नुसता हेतू पाहून भागत नाही, लाभ कुणाला झाला तेही मोजावं लागतं. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: कुत्रं शिकारीच्या उपयोगाचं होतं, त्यात माया कसली? १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याआधी पारधीला कुत्री जात, आणि गोचिडांनी रक्त शोषलेलं कुत्रं रानडुकरामागे धावत नाही. स्वार्थापोटी का होईना, कुणीतरी त्याचे कान रोज तपासत असणार.

१९५३मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांत याच भिंतींवर डीडीटीची फवारणी होऊ लागली. भिंत पुन्हा सारवली की औषध मातीखाली जातं, ही फवारणीवाल्यांची जुनी तक्रार. एकाच भिंतीवर एक उपाय दुसऱ्याला पुसत होता. पुढे बल्लारपूरचा कागद कारखाना आणि कोळसा खाणी यांच्या क्वार्टरांत नळ आला, फरशी आली आणि कुत्र्याच्या वाट्याला बादली आली. सारवण मात्र गेलं. सिमेंटच्या भिंतीलाही चिरा पडतात, त्या वर्षानुवर्षं तशाच राहतात. रविवारी शांपूने न्हाऊन चकचकीत झालेला कुत्रा दारात उन्हाला पडतो, आणि त्याच दाराच्या चौकटीमागे अंडी उबत असतात.