अस्थिर कॅरोटिड प्लाक

मानेतील कॅरोटिड (ग्रीवा) धमनीच्या भित्तिकेत साचलेला आणि फुटण्याची किंवा ज्यावर रक्ताची गुठळी धरण्याची शक्यता अधिक असते असा मेदयुक्त थर म्हणजे अस्थिर कॅरोटिड प्लाक होय. असा प्लाक फुटल्यास गुठळीचे व प्लाकचे कण रक्तप्रवाहाबरोबर मेंदूत जाऊन तेथील धमनी बंद करू शकतात आणि रुग्णास पक्षाघाताचा झटका येतो. कण डोळ्याच्या धमनीत अडकल्यास त्या डोळ्याची दृष्टी काही काळ किंवा कायमची जाऊ शकते. झटका येण्यापूर्वीच असा प्लाक ओळखता यावा, यासाठी प्रतिमांकन आणि रेण्वीय निर्देशक यांचा अभ्यास केला जातो.

पार्श्वभूमी

कॅरोटिड धमनीचा विकार आणि पक्षाघात यांचा संबंध कॅनडातील चेताविकारतज्ज्ञ मिलर फिशर यांनी १९५१ साली स्पष्टपणे मांडला. पुढे प्लाक काढून टाकण्याची एंडार्टरेक्टॉमी ही शस्त्रक्रिया रूढ झाली. ती कोणावर करावी, हे प्रामुख्याने धमनी किती टक्के अरुंद झाली आहे यावरून ठरू लागले. उत्तर अमेरिकेतील नॅसेट चाचणीत (१९९१) लक्षणे दिसलेल्या व धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद झालेल्या रुग्णांत त्याच बाजूच्या पक्षाघाताचा दोन वर्षांतील धोका केवळ औषधोपचाराने २६ टक्के, तर शस्त्रक्रियेनंतर ९ टक्के आढळला.

लक्षणे नसलेल्यांमध्ये मात्र हा फरक लहान आहे. अकास चाचणीत (१९९५) पाच वर्षांतील अंदाजित धोका ११ टक्क्यांवरून ५.१ टक्क्यांवर आला. म्हणजेच शंभर जणांवर शस्त्रक्रिया केल्यास सुमारे सहा जणांना लाभ होतो, उरलेल्यांना मात्र लाभाविना तिचा धोका पत्करावा लागतो. शिवाय कमी अरुंद झालेल्या धमनीतील प्लाकही फुटू शकतो. त्यामुळे अरुंदपणाबरोबरच प्लाकची अंतर्रचना पाहणे महत्त्वाचे ठरले.

रचना

अस्थिर प्लाकमध्ये मेद व मृत पेशींचा मोठा गाभा असतो आणि त्यावरील तंतुमय आवरण पातळ असते. मॅक्रोफेज पेशींनी स्रवलेली विकरे या आवरणातील कोलॅजेनचे विघटन करतात. प्लाकमध्ये नव्याने वाढलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या नाजूक असल्याने त्यांतून रक्तस्राव होतो. हा अंतर्गत रक्तस्राव आणि पृष्ठभागावरील व्रण ही अस्थिरतेची प्रमुख लक्षणे मानली जातात.

प्रतिमांकन

ध्वनातीत तपासणी (अल्ट्रासाउंड) स्वस्त व सहज उपलब्ध आहे. तीत मेद किंवा रक्त अधिक असलेला प्लाक गडद, तर तंतुमय किंवा कॅल्शियमयुक्त प्लाक उजळ दिसतो. सूक्ष्म बुडबुड्यांचे द्रव्य शिरेतून दिल्यास नव्या रक्तवाहिन्याही दिसू शकतात. मात्र ही तपासणी करणाऱ्याच्या कौशल्यावर बरीच अवलंबून असते.

सीटी अँजिओग्राफीत व्रण आणि कॅल्शियमचे साठे चांगले दिसतात. एमआरआयमध्ये गाभा व आवरण वेगळे ओळखता येतात. प्लाकमधील ताजा रक्तस्राव मेटहिमोग्लोबिनमुळे टी-१ प्रतिमेत उजळ दिसतो. अशा रुग्णांत पुढे पक्षाघात होण्याचा धोका अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

पेट तपासणीत किरणोत्सारी फ्लोरोडीऑक्सिग्लुकोज हे द्रव्य दाह असलेल्या भागातील पेशी अधिक प्रमाणात शोषून घेतात, तर सोडियम फ्लोराइड सूक्ष्म कॅल्सीभवन दाखवते. एमआरआयमध्ये अतिसूक्ष्म लोहकण वापरूनही दाह पाहता येतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अथेरोमा अभ्यासात अधिक मात्रेतील अटॉर्वास्टॅटिनने १२ आठवड्यांत हा दाह कमी झाल्याचे दिसले.

२०२४ साली मांडलेल्या प्लाक-रॅड्स पद्धतीत प्लाकची १ ते ४ अशी श्रेणी ठरवली जाते. अंतर्गत रक्तस्राव, व्रण किंवा गुठळी आढळल्यास तो चौथ्या श्रेणीत मोडतो.

रेण्वीय निर्देशक

सी-रिॲक्टिव्ह प्रथिन, मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेझ-९ आणि मायलोपेरॉक्सिडेझ यांचे रक्तातील प्रमाण अस्थिर प्लाकशी निगडित असू शकते. तथापि शरीरात अन्यत्र दाह असल्यासही ते वाढत असल्याने नेमका कोणता प्लाक धोकादायक आहे, हे केवळ रक्ततपासणीवरून सांगता येत नाही. नेदरलँड्समधील अथेरो-एक्सप्रेस प्रकल्पात शस्त्रक्रियेत काढलेल्या प्लाकचा अभ्यास केला जातो. ज्यांच्या प्लाकमध्ये ऑस्टिओपाँटिन हे प्रथिन अधिक होते, त्यांना पुढे शरीरातील इतर धमन्यांचे विकारही अधिक प्रमाणात झाले, असे त्यातून २०१० साली दिसून आले.

उपयोग व मर्यादा

अस्थिर दिसणारा प्रत्येक प्लाक फुटतोच असे नाही; अनेक प्लाक फुटूनही लक्षणांविना भरून येतात. म्हणून कोणत्याही एका चाचणीवर विसंबून न राहता प्रतिमा, अरुंदपणा, वय, धूम्रपान, रक्तदाब व मधुमेह यांचा एकत्रित विचार केला जातो. धोका कमी करण्यासाठी स्टॅटिन, गुठळीविरोधी औषधे, रक्तदाबनियंत्रण व धूम्रपानत्याग हे उपाय शस्त्रक्रिया झाली वा न झाली तरी आवश्यक असतात. चेहरा वाकडा होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे किंवा एका डोळ्याची दृष्टी अचानक जाणे ही लक्षणे काही मिनिटांत ओसरली, तरी तातडीने वैद्यकीय तपासणी करणे आवश्यक असते. कारण मोठ्या झटक्याचा धोका त्यानंतरच्या काही दिवसांत सर्वाधिक असतो.