घाटाखालची पेठ



कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या आपल्या गटांच्या सभांत एक विषय पुन्हा पुन्हा निघतो. पेठेत एखादी जागा मिळाली, तिथे शिलाई मशीन, छोटी गिरणी, संगणक आणि दुरुस्तीची हत्यारं ठेवली, पोरींना तिथे शिकता आलं आणि केलेला माल तिथेच विकता आला, तर? काही जणी म्हणतात, असं केंद्र झालं की पेठेला पुन्हा जीव येईल. काही जणी लगेच विचारतात, केंद्रं काय कमी पाहिली आपण? फीत कापतात, फोटो काढतात आणि सहा महिन्यांत कुलूप लागतं.

दोन्ही बाजूंचं म्हणणं खरं आहे. गटाचे साठवलेले पैसे अशा कामात घालायचे तर आधी जुना हिशेब बघायला हवा. आपल्या पेठा कशाने भरल्या आणि कशाने ओसरल्या, हे आज बघू.

सुरुवात खोपोलीपासून. बोरघाटाच्या पायथ्याशी असणं हीच या गावाची पहिली कमाई. कोकणातलं मीठ, सुकी मासळी आणि तांदूळ घाट चढून देशावर जायचा. देशावरचं धान्य, गूळ, कापूस खाली पनवेल बंदराकडे उतरायचा. चढणीआधी बैलांना विसावा हवा, पाणी हवं, माणसांना भाकर-तुकडा हवा. नाना फडणवीसांनी इथे मोठा तलाव आणि महादेवाचं मंदिर बांधलं, ते आजही उभं आहे. जिथे पाणी तिथे मुक्काम आणि जिथे मुक्काम तिथे बाजार. १८३० साली घाटात गाडीरस्ता झाला आणि वर्दळ आणखी वाढली.

मग आगगाडी आली. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे गाडी सुरू झाली आणि तीनच वर्षांत, १८५६ साली, रूळ खोपोलीपर्यंत पोचले. पुढे घाट आडवा. त्यामुळे मुंबईहून आलेला प्रवासी खोपोलीला उतरायचा, डोलीत, तट्टावर किंवा गाडीत बसून घाट चढायचा आणि वर खंडाळ्याला दुसरी गाडी पकडायचा. माल उतरवायचा, चढवायचा, राखायचा, वाहायचा, सगळं काम खोपोलीत. अशी काही वर्षं त्या पेठेने पाहिली.

त्याच वेळी घाटात बोगदे खोदणं चालू होतं. हे काम फार जिवावरचं होतं. हजारो मजूर तिथे राबत होते, त्यात बाया होत्या, मुलंही होती. पटकीने आणि अपघातांनी किती जण गेले, त्यांची नावं कुठे कोरलेली नाहीत. कामाचा ठेका सॉलोमन ट्रेडवेल या इंग्रज ठेकेदाराने घेतला होता. भारतात पोचल्यावर थोड्याच दिवसांत तो आजाराने वारला. तेव्हा त्याची बायको अ‍ॅलिस हिने ठेका हातात घेतला आणि जाणकार माणसं नेमून काम पुरं करवून घेतलं. आपण आज ज्या घाटातून पुण्याला जातो, त्याच्या ठेक्याच्या कागदांवर एका विधवा बाईचा कारभार आहे, हे आपल्या पोरींना सांगायला हवं.

१८६३ मध्ये घाटातली रेल्वे सुरू झाली. गाडी पळसदरीवरून परस्पर वर वळली आणि खोपोली फाट्यावर राहिली. पेठ बसली नाही, पण तिचा मान गेला. तो मान कर्जतला आला. चढणीसाठी गाडीला मागून जादा इंजिन लावावं लागतं, त्याला बँकर म्हणतात. ते कर्जतला लावतात, आणि तेवढा वेळ गाडी थांबते. त्या थांब्यावर कर्जतचा बटाटेवडा नावाजला. कितीतरी घरांच्या चुली त्या थांब्यावर पेटल्या.

यात शिकण्यासारखं एक आहे. थांब्यावर चालणारी पेठ दुसऱ्याच्या वेळापत्रकावर चालते. गाडी कुठे थांबवायची हे ठरवणारा माणूस आपल्या गावात राहत नाही.

तिसरी नवलाई विजेची. १९१५ साली टाटांचं जलविद्युत केंद्र खोपोलीत सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूला धरणं बांधून अडवलेलं पाणी मोठमोठ्या नळांतून घाटाखाली सोडलं, त्यावर जनित्रं फिरली. त्या काळात देशभर चर्चा व्हावी असं हे काम होतं. पुढे कर्जत तालुक्यात भिवपुरीलाही वीजघर झालं. नोकऱ्या आल्या, नंतर खोपोलीत कारखाने आले, पेठेत पगाराचा पैसा फिरू लागला. हे खरंच झालं, ते नाकारायचं नाही. पण वीज मुळात मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. मनोरे आपल्या रानातून गेले, तारा आपल्या डोक्यावरून गेल्या आणि खालच्या पाड्यांत पुढे कितीतरी वर्षं रॉकेलची चिमणीच जळत राहिली.

याच तारांशी जोडलेलं एक नाव आपल्या तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे, भाई कोतवाल. माथेरानमध्ये १९१२ साली नाभिक घरात जन्मलेला हा मुलगा शिकून वकील झाला. १९४२ च्या लढ्यात त्यांच्या आझाद दस्त्याने मुंबईकडे जाणारे विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. भाषणांत हा भाग नेहमी येतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र त्यांचं आधीचं काम जास्त महत्त्वाचं आहे आणि त्याविषयी कमी बोललं जातं.

पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की गरीब कुळं सावकाराकडून खावटी घ्यायची आणि सुगीला दीडपट फेडायची. खळ्यावरूनच भात सावकाराच्या घरी जायचं. त्यातून सुटका व्हावी म्हणून भाईंनी कर्जत तालुक्यात धान्याच्या कोठ्या सुरू केल्या. सुगीला थोडं थोडं धान्य एकत्र साठवायचं आणि अडचणीच्या महिन्यांत त्यातूनच घ्यायचं. शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी शाळाही काढल्या. पुढच्या काळात कर्जत तालुक्यातच कशेळ्याच्या अ‍ॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने आदिवासी पाड्यांत धान्य बँका उभ्या केल्या आणि भाताची जुनी स्थानिक बियाणी जपण्याचं काम केलं.

कोठीत यंत्र नव्हतं, रूळ नव्हते, तारा नव्हत्या. तरी आपल्या भागातला तो खरा नवा शोध होता, कारण धान्य आपलं, वही आपली आणि ते कधी, कोणाला द्यायचं हेही गावच ठरवायचं. आपल्या बचत गटाची पेटी त्याच कुळातली.

कर्जतला आणखी एक केंद्र आहे. आपण रोज त्याच्या कुंपणावरून जातो आणि त्याला केंद्र म्हणायचं सुचत नाही. भात संशोधन केंद्र. त्याला शंभर वर्षं उलटून गेली, आज ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. कर्जत-३, कर्जत-७, कर्जत-१८४ ही नावं कोकणभर शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत, आणि त्यांत आपल्या गावाचं नाव आहे. खाचरात लावणी करणारे हात बहुतेक आपले असतात, बियाणं निवडणारी नजरही बाईचीच. पण केंद्राच्या शिवारफेरीला, बियाण्याच्या चौकशीला आपल्यातल्या किती जणी गेल्या? आणि कर्जतच्या पेठेत ‘कर्जतचा तांदूळ’ म्हणून नीट पिशवीत भरलेला, आपल्या गटाचं नाव छापलेला माल किती दुकानांत दिसतो? भात खळ्यावरून भात म्हणूनच निघून जातं. सडणं, निवडणं, पोहे करणं, पीठ करणं, या सगळ्यावरची कमाई दुसरीकडे होते.

२००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. खालापूरला टोलनाका आला. जुन्या रस्त्याने खोपोलीच्या पेठेत चहाला थांबणाऱ्या कितीतरी गाड्या आता बाहेरून निघून जातात. १८६३ मध्ये रेल्वेने जे केलं तेच पुन्हा झालं, या वेळी डांबर-सिमेंटवर. कर्जतच्या बाजूला जमिनी विकल्या गेल्या, फार्महाऊसं झाली. शनिवार-रविवारी गर्दी दिसते, आणि सोमवारी पेठ पुन्हा सुस्त.

मग पेठ टिकेल अशी जाग कशाने येते? यासाठी घाट चढून वर जाऊ आणि दोन गावं पाहू.

पहिलं पाबळ, पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातलं कोरडवाहू गाव. डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ मुंबईतली संशोधनाची मोठी नोकरी सोडून १९८३ मध्ये इथे आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा सुटलेली, परीक्षेत मागे पडलेली मुलंमुली इथे हाताने काम करून शिकू लागली. वेल्डिंग, सुतारकाम, विजेची जोडणी, शेती, कुक्कुटपालन, माती तपासणी, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणी. शिकताना केलेलं काम गावाच्या उपयोगाचं असायचं आणि त्याचे पैसेही घेतले जायचे. कोणाच्या शेताचं फाटक, कोणाच्या घराची वायरिंग. अशा शिक्षणाचा विषय पुढे राज्याच्या माध्यमिक शाळांतही शिकवला जाऊ लागला.

२००२ मध्ये, ज्या वर्षी आपल्याकडे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला त्याच वर्षी, पाबळला अमेरिकेतल्या एमआयटी या नामवंत संस्थेच्या मदतीने फॅब लॅब उभी राहिली. फॅब लॅब म्हणजे संगणकावर आराखडा काढून यंत्राने वस्तू कापायची, घडवायची कार्यशाळा. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. मोठं शहर सोडून ती पाबळला का आली? कारण तिथे एकोणीस वर्षं हत्यारं हातात धरणारी मुलं होती. यंत्र आलं तेव्हा ते चालवणारं आणि बिघडलं तर उघडून बघणारं माणूस गावात होतं.

दुसरं गाव म्हसवड, सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातलं. इथल्या बायांनी चेतना सिन्हा यांच्यासोबत स्वतःची बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, कारण बऱ्याच सभासद बाया अंगठा उठवणाऱ्या होत्या. बाया गावी परतल्या, लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. साहेबांपुढे त्यांनी तोंडी व्याजाचे हिशेब करायची तयारी दाखवली. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. बाजार सोडून बाईला बँकेत येता येत नाही, हे कळल्यावर बँकेची माणसं तिच्या दारी, तिच्या दुकानापाशी जाऊ लागली. मग बायांसाठी व्यवसायाचं शिक्षण सुरू झालं, त्यासाठी गावोगाव फिरणारी बस निघाली. २००८ पासून तिथे आपल्यासारखंच सामुदायिक रेडिओ केंद्रही आहे. आठवडी बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बाईच्या हाती भांडवल आलं, हिशेब आला, तर बाजारालाही त्याचा आधार मिळतो.

पाबळ आणि म्हसवड दोन्हीकडे इमारत शेवटी आली, शिकलेले हात आणि विश्वासाची वही आधी. आपल्याकडे रेल्वे, वीज आणि मोठा रस्ता आला तेव्हा बांधकाम आधी झालं, आणि आपण त्यात मजूर, विक्रेते किंवा बघे राहिलो. म्हणून पेठेत जागा मागायचीच, नगरपरिषदेकडे, पंचायत समितीकडे अर्जही करायचा. पण अर्जात काही गोष्टी स्पष्ट लिहायच्या. किल्ली गटांच्या समितीकडे राहील. हिशेबाची वही दर महिन्याला सगळ्यांसमोर वाचली जाईल. प्रत्येक यंत्राची दुरुस्ती करू शकणाऱ्या निदान दोन बाया आधी तयार होतील, मग यंत्र येईल. केंद्राची वेळ एसटी आणि लोकलच्या वेळेशी जुळेल. लेकराला झोपवायला जागा असेल आणि स्वच्छ संडास असेल. आषाढात लावणीच्या दिवसांत बाया येणार नाहीत हे धरूनच वर्षाचं वेळापत्रक होईल, नाहीतर पहिल्याच पावसात अहवालात ‘प्रतिसाद नाही’ असं लिहिलं जाईल.

केंद्राने सगळं होणार नाही. गिऱ्हाईक लागेल, रस्ता लागेल, घरच्यांची साथ लागेल. पण आपल्या पेठेत आपल्या हाताने काही बनत असेल, तर गाडी थांबली नाही तरी पेठ उपाशी राहणार नाही.

पुढच्या सभेला येताना एक काम करा. वहीचं एक पान घ्या आणि दोन रकाने पाडा. एकात लिहा, आपल्या गावातून कच्चं काय बाहेर जातं: भात, करवंदं, जांभळं, मोहाची फुलं, भाजी. दुसऱ्यात लिहा, कोणत्या वस्तूसाठी आणि कोणत्या दुरुस्तीसाठी आपला पैसा कल्याणला आणि पनवेलला जातो: मोटारीचं रिवाइंडिंग, मिक्सर, मोबाईल, शाळेचे गणवेश, लग्नाचे ब्लाऊज. प्रत्येक गटाने पान भरलं की सगळी पानं शेजारी शेजारी ठेवू. आपल्या केंद्रात कोणतं यंत्र आधी आणायचं, हे ती पानंच सांगतील.