विवेक (योगदर्शन)

विवेक : योगदर्शनातील मूलभूत संज्ञा. पाहणारा पुरुष आणि दिसणारी प्रकृती वेगळी आहेत हे स्वच्छ कळणे, हा तिचा शास्त्रीय अर्थ. साधकाच्या रोजच्या जगण्यात ती निवडीच्या रूपाने उतरते : काय करायचे, काय सोडायचे आणि ते कशासाठी, हे जाणून ठरवणे. पतंजलींच्या योगसूत्रांत (चार पाद, १९५ सूत्रे; काही पाठांत १९६) अखंड विवेकख्याती हाच दुःख संपवण्याचा उपाय मानला असून, आठ अंगांच्या आचरणाने ती साधते असे सांगितले आहे.

अशी निवड एकदा करून भागत नाही. व्यासभाष्यात चित्ताला दोन्ही दिशांना वाहणाऱ्या नदीची उपमा दिली आहे : वैराग्याने विषयांकडचा ओघ अडवायचा आणि अभ्यासाने विवेकाचा प्रवाह मोकळा करायचा. आठ अंगांतले पहिले अंग म्हणजे यम, आणि त्यांत पहिली अहिंसा. यम पाळताना मन उलट ओढू लागले, तर विरुद्ध विचार मुद्दाम समोर आणावा. यालाच प्रतिपक्षभावन म्हणतात. इथे शास्त्र फार बारकाईने पाहते. हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली किंवा नुसती अनुमोदलेली असते. तिच्या मुळाशी लोभ, क्रोध किंवा मोह असतो, आणि ती मृदू, मध्यम वा तीव्र असते. भाष्यकार हिशेब मांडून २७ आणि पुढे ८१ प्रकार सांगतात. मांसासाठी मारणारा लोभाने मारतो, अपकाराची फेड करणारा क्रोधाने, आणि यातून पुण्य लाभेल असे समजणारा मोहाने. हात न उचलता केवळ मान डोलावणाराही या हिशेबातून सुटत नाही. योगसाहित्यातली ही सर्वांत परखड जागा म्हणावी लागेल.

नाशिकमध्ये या विचाराचे ठळक उदाहरण टाकळीला आहे. नारायण सूर्याजी ठोसर, म्हणजेच समर्थ रामदास (१६०८–१६८१), जांब (जि. जालना) येथे लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेले, ही कथा घरोघरी ठाऊक असते. लोकांच्या स्मरणात तो क्षण राहिला. खरे वजन मात्र पुढच्या वर्षांना आहे. सांप्रदायिक परंपरेनुसार १६२० ते १६३२ अशी बारा वर्षे ते गोदावरी आणि नंदिनी (आजची नासर्डी) यांच्या संगमाजवळ टाकळीत राहिले. पहाटेपासून नदीच्या पाण्यात उभे राहून त्रयोदशाक्षरी राममंत्राचा जप, दुपारी पंचवटीत माधुकरी, नंतर ग्रंथांचा अभ्यास, जोडीला सूर्यनमस्कार. वाल्मीकिरामायणाची त्यांच्या हातची प्रत म्हणून मानलेली पोथी धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात जपलेली आहे. तप, स्वाध्याय आणि ईश्वरप्रणिधान या तिघांना पतंजली क्रियायोग म्हणतात, आणि टाकळीच्या दिनक्रमात ती तिन्ही होती. घर सोडण्याचा निर्णय एका दिवसाचा, पण तो बारा वर्षे रोज पहाटे पुन्हा घ्यावा लागला.

मांडव सोडणाऱ्या या साधकाने इतरांना मात्र तोच मार्ग घालून दिला नाही. त्यांच्या दासबोध या ग्रंथाच्या २० दशकांपैकी बारावा दशक ‘विवेकवैराग्य’ या नावाचा आहे, आणि त्याचा प्रारंभ प्रपंच आधी नीट करावा या उपदेशाने होतो. विवेकाशिवाय आलेले वैराग्य माणसाला कसे भरकटवते, हे त्याच दशकाच्या चौथ्या समासात येते. दुसऱ्याच्या त्यागाची नक्कल करणाऱ्यांना समर्थांनी दिलेला हा इशाराच आहे.

हा इशारा किती खरा आहे, हे त्र्यंबकेश्वरशी जोडलेल्या एका घराण्याच्या कथेत दिसते. परंपरा सांगते की विठ्ठलपंतांनी पत्नी असल्याचे लपवून काशीत संन्यास घेतला, गुरूंच्या आज्ञेने ते पुन्हा संसारात आले आणि कुटुंबावर बहिष्कार पडला. त्यांचे थोरले पुत्र निवृत्तिनाथ यांना ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांकडून नाथपंथाची दीक्षा मिळाली. त्यांनी ती धाकट्या ज्ञानदेवांना दिली. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सहाव्या अध्यायातले कुंडलिनीचे विवेचन याच परंपरेचे फळ. निवृत्तिनाथांची समाधी त्र्यंबकेश्वरला असून पौष वद्य एकादशीला तिथे यात्रा भरते.

जाणीवपूर्वक मार्ग निवडण्याचा नाशिक जिल्ह्यातला आधुनिक काळातील सर्वांत मोठा प्रसंग योगदर्शनाबाहेरचा आहे, आणि तो ओढूनताणून योगात बसवू नये. नाशिकच्या काळाराम मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा यासाठीचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली, आणि नागपूरला बौद्ध धम्म स्वीकारला तो १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मधली २१ वर्षे अभ्यासाची आणि पारखण्याची होती. ज्या अनुयायांनी त्यांच्यामागोमाग दीक्षा घेतली, त्यांना त्यांनी २२ प्रतिज्ञा दिल्या. म्हणजे इथेही निवड रोजच्या आचरणाशी बांधलेली आहे.

योगशिक्षणाच्या क्षेत्रात डॉ. विश्वास मंडलिक यांनी नाशिकमध्ये योगविद्याधाम उभारले. त्र्यंबकेश्वरजवळ तळवाडे येथे त्यांचे योगविद्या गुरुकुल आहे. योगप्रसारासाठीचा पंतप्रधान पुरस्कार त्यांना २०१८ मध्ये जाहीर झाला.

योगसूत्रांत आसनांवर केवळ तीन सूत्रे आहेत. म्हणून नव्याने योगाकडे वळणाऱ्याने दुसऱ्या पादातील ३० ते ३४ ही यम, नियम आणि प्रतिपक्षभावनाची सूत्रे आधी वाचावीत, आणि मगच चटई अंथरावी.